काळ्या सुताराचं कपाळ

आमच्या सोसायटीतलं बदामाचं झाड फाल्गुनात आधी लाल होतं आणि मग आठ-दहा दिवसांत पार उघडं पडतं. त्याची पानं जाड, पंजापेक्षा मोठी. फरशीवर पडली की थप्प वाजतात. वॉचमन दर वर्षी माझ्याकडे तक्रार घेऊन येतो. "बाई, कमिटीला सांगा ना, काढा हे झाड. दिवसातून तीनदा झाडू मारतो मी." मी दर वर्षी त्याला विचारते, "मे महिन्यात खुर्ची कुठे टाकून बसतोस?" मग तो पुटपुटत झाडू मारायला लागतो आणि मी गॅलरीत चहाचा कप घेऊन तो आवाज ऐकत उभी राहते.

वाळक्या पानांचा आवाज आला की माझा फाल्गुन सुरू होतो. पंचांग बघायला लागत नाही. दहावीच्या परीक्षेचे दिवस, दुपारचं तापायला लागलेलं ऊन, शिळफाट्याच्या रस्त्याकडेला अजून तग धरून असलेला एखादा पळस, आणि हा आवाज. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावरची कुजबुज ऐकायची सवय लागली, ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. डोळ्यांचं मात्र पहिल्यापासून रडगाणं. चष्मा असा जाड की मुलं मला माझ्यामागे काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेही मी ऐकलेलंच होतं.

अशा बाईने पक्षी बघायला जावं ही मुळात गंमतच. पण गेले. पन्नाशी जवळ आली की माणसं काहीतरी सुरू करतात. कोणी योगा, कोणी सुगम संगीत. मी रविवारी सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून निळज्याच्या तळ्याकडे जाणाऱ्या आमच्या डोंबिवलीतल्या एका ग्रुपमध्ये सामील झाले. ग्रुपचे म्होरके प्रधानसर. त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स दुधीभोपळ्याएवढी. लोक "तो बघा, तो बघा" म्हणायचे आणि माझ्या दुर्बिणीत पानंच यायची. मोठी झालेली, स्वच्छ, हिरवी पानं. मी "हो हो, छान" म्हणायचे. हे "हो हो, छान" लक्षात ठेवा, पुढे त्याने घोटाळा केलाय.

साळवेकाका मला त्या ग्रुपमध्ये भेटले. तेव्हा सहासष्ट वर्षांचे, अंगाने चिवट, डोक्यावर कॅनव्हासची टोपी. राहायला विठ्ठलवाडीला, चाळीत. मानपाड्याजवळच्या एका कंपनीत तीस वर्षं पॉवर प्रेसवर काम केलेलं. पत्रा ठेवायचा, पॅडल दाबायचं, धाड. पत्रा ठेवायचा, धाड. त्या धाडधाडीत कान गेले. मुलाने कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, पण रानात शिरलं की ते काढून खिशात टाकायचे. "वाळकी पानं त्याच्यात भजी तळल्यासारखी वाजतात, बाई. डोकं फिरतं." ते ओठ बघून बोलणं समजून घ्यायचे, आणि स्वतः बोलताना आपला आवाज किती मोठा आहे याचा त्यांना पत्ता नसायचा. त्यांच्या बायकोचं, साळवेकाकूंचं म्हणणं होतं, "ह्यांच्या कुजबुजीनं शेजारचं पोरगं झोपेतनं उठतं."

पण डोळे! वडाच्या गर्द फांदीत बसलेला हिरवा तांबट त्यांना असा दिसायचा की जणू त्याने हात वर करून हजेरी दिलीय. मला आवाज यायचा, त्यांना आकार दिसायचा. हळूहळू आमची जोडीच झाली. मी दिशा दाखवायची, "तिकडे, उजवीकडे, वर". ते नजर लावायचे आणि सांगायचे काय आहे ते. प्रधानसर हसून म्हणायचे, "तुम्ही दोघं मिळून एक माणूस होता." सरांना तो टोमणा वाटत असावा. आम्हाला ते प्रशस्तिपत्र वाटलं.

काकांना एकच पक्षी हवा होता. बाकी सगळे त्यांनी वाटेत भेटले म्हणून बघितले.

ती गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की आता माझ्यासमोर घडल्यासारखी वाटते. कंपनीला लागून दोन-चार वर्षं झालेली. सुट्टीच्या दिवशी खात्यातली दहा-बारा माणसं टिटवाळ्याच्या पुढे, काळू नदीवर मटणाचा बेत करायला गेली. हे सरपण आणायला म्हणून नदीपलीकडच्या रानात शिरले. एका वाळलेल्या झाडावर काळाकुट्ट पक्षी, कावळ्याहून मोठा, खोडाला उभा चिकटलेला. पोट पांढरं. डोक्यावर लालभडक तुरा. "आणि ठोकत होता बाई, आमच्या प्रेससारखा. तेव्हा कान होते मला." ते धावत परत आले आणि सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले. एक जण म्हणाला, "साळव्या, कावळा असेल. कोणीतरी शेंदूर लावला असेल त्याला." झालं. त्या दिवसापासून कंपनीत त्यांचं नाव 'शेंदऱ्या' पडलं. रिटायरमेंटच्या भाषणातसुद्धा साहेबाने तो कावळा काढला. घरी काकूही रागावल्या की म्हणायच्या, "जा, तुमचा शेंदऱ्या कावळा बघा जा."

पुढे कल्याण स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडे त्यांना पक्ष्यांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चित्रं होती. एका पानावर तो होता. मोठा काळा सुतार पक्षी, पांढऱ्या पोटाचा. ते पान त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा कडा बोटांच्या घामाने काळ्या पडल्या होत्या. "आहे ना, बाई? म्हणजे असतो ना असा?"

असतो. पण आपल्याकडे फार क्वचित. प्रधानसरांना विचारलं तर ते सभ्यपणे हसले. "काका, तो दाट जंगलाचा पक्षी. टिटवाळ्याच्या पुढे? तेव्हा असेलही, आता फोटो पाहिजे. नाहीतर दोन जणांनी एकमेकांचं न बघता वर्णन लिहून दिलं पाहिजे, आणि ते जुळलं पाहिजे. एकाच्या शब्दावर अशी नोंद घेत नाहीत." सरांचं चुकत नव्हतं. नियम तसाच असतो. पण काका माझ्या ओठांकडे बघत होते, सरांचं बोलणं मी परत सांगेन म्हणून, आणि मला तो नियम उच्चारताना संकोच वाटला. काकांना मात्र तो नियम एकदम पसंत पडला. "बरोबर आहे. दोन माणसं पाहिजेत. एक मी. दुसऱ्या तुम्ही."

त्या वर्षीचा फाल्गुन आम्ही दोघांनी काळूपलीकडच्या रानात काढला. अकरा वर्षं झाली आता.

तेव्हा टिटवाळा एवढं फुगलं नव्हतं. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळायची, ती शेवटच्या गावापर्यंत नेऊन सोडायची. पुढे चालत. नदीला पाणी घोट्याएवढं. चपला हातात घेऊन जायचो. पलीकडे साग. सागाचं वाळकं पान पायाखाली येतं तेव्हा पापड मोडल्यासारखा आवाज होतो, आणि तिथे तर पापडांचं अख्खं अंथरूण होतं. एखादा सरडा पळाला तरी वाटायचं बिबट्याच आला. मी दचकायचे. काकांना काहीच ऐकू यायचं नाही, ते निवांत पुढे.

पानं नसलेलं रान मला तोपर्यंत भकास वाटायचं. काकांनी ती समजूत दूर केली. "बाई, ह्याच दिवसात सगळं दिसतं. झाकायला काय नसतं ना झाडाकडे." खरंच होतं. सावरीला एक पान नाही पण फुलं अशी की मैना आणि साळुंक्यांची भांडणं चाललेली. खाली पडलेली ती जाड लाल फुलं, मोहाच्या फुलांचा आंबूस गोड वास, करवंदाच्या जाळीतला पांढरा बहर. दहा वाजेपर्यंत हवा गार, मग एकदम चटका. आम्ही एखाद्या ऐनाच्या झाडाखाली बसून काकूंनी दिलेली भाकरी आणि ठेचा खायचो. मी माझ्या डब्यातली थालीपीठं पुढे करायचे. काका एक घ्यायचे, "भारी झालंय" म्हणायचे आणि परत भाकरीकडे वळायचे.

त्यांची एक सवय होती. वाळलेलं मोठं झाड दिसलं की जाऊन खोडावर तळहात टेकवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. पहिल्यांदा मला वाटलं नमस्कार करताहेत. विचारलं तर म्हणाले, "नाय हो. वर कोण ठोकत असेल तर हाताला कळतं. प्रेस पण मी शेवटी शेवटी हातानंच ऐकायचो." मीही एकदा हात टेकवून बघितला. मला खोड थंड लागलं, बाकी काही नाही.

पहिला रविवार गेला. दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी सोनपाठी सुतार दिसला, पिवळ्या पाठीचा, आपल्या गावातही दिसतो तो. मला वाटलं काका खूश होतील. त्यांनी दुर्बीण खाली घेतली. त्या दुर्बिणीचा एक डोळा धुरकट होता आणि पट्टा कुठल्यातरी जुन्या डब्याच्या पिशवीचा होता. "हा नाय. हा धाकटा." आणि मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "बाई, तुम्हाला काय वाटतं? मी बघितलेला का?"

"बघितलेला म्हणजे काय? बघितलाच होता तुम्ही," मी ठणकावून सांगितलं. मला काय माहीत होतं? पण बाईंचा आवाज असा असतो की तो निघाला की खरं वाटतं. मुलांना वाटतं, कधी कधी बाईंनाही.

चौथ्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी मी अभ्यास केला. काकांचं ते पुस्तक माझ्याकडे ठेवलं होतं. मी त्या पानावरचं चित्र बघून शाळेतल्या मुलीसारखं पाठ केलं. आकार कावळ्यापेक्षा मोठा. चोच लांब, गडद. पोट पांढरं. कपाळ लाल, चोचीपासून थेट मानेपर्यंत. गालावर लाल पट्टा. वर्षानुवर्षं मी मुलांना सांगत आले की गाइडमधलं पाठ करू नका, समजून घ्या. स्वतःला सांगायचं राहिलं.

आणि त्या रविवारी तो आला.

मी ऐकला आधी. धाकट्या सुतारांचा आवाज कसा, कोणी टेबलावर पेन्सिल आपटावी तसा. हा तसा नव्हता. हा दार ठोठावल्यासारखा होता. जड, लांबलचक, आणि शेवटाला वेग घेणारा. मी काकांचा दंड धरला आणि बोट दाखवलं. सत्तर-ऐंशी पावलांवर एक वाळलेला बेहडा होता, साली गळून पांढरा पडलेला. काका त्या दिशेने वळले, दुर्बीण लावली आणि दगडासारखे स्तब्ध झाले. मीही लावली. पानं. नव्हे, पानंही नव्हती. माझ्या दुर्बिणीत निळं आकाश होतं, मग फांदी, मग परत आकाश. घामाने चष्मा नाकावरून घसरत होता. माझ्या शेजारी एका माणसाचा श्वास मला ऐकू येत होता, अडकत येणारा. खिशातून वही काढून त्यांनी न बघता काहीतरी खरडलं, आणि परत दुर्बीण. मग कुठेतरी पंखांचा फडफडाट झाला, काहीतरी काळं उन्हातून आडवं गेलं, आणि संपलं.

"दिसली? बाई, दिसली का?" ते माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

मी म्हटलं, "हो हो, दिसली."

त्यांनी रानाच्या मधोमध असा आवाज काढला की अर्ध्या मैलातले सगळे पक्षी उडाले असतील. मग माझे दोन्ही हात धरले. सोडले. लाजून टोपी काढून परत घातली. परतीच्या वाटेवर नदी ओलांडताना ते चपला काढायलाही विसरले. मी मागून चालत होते आणि मनाला समजावत होते. पक्षी तर होता ना? मी ऐकला ना? उडताना काळं काहीतरी बघितलंही. एका म्हाताऱ्या माणसाला साक्षीदार मिळाला, त्यात कोणाचं काय बिघडलं?

स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर काकांनी वही टेबलावर ठेवली. "आता तुमचं. मी माझं तिथंच लिहिलंय, तुम्हाला दाखवणार नाय. तुम्ही सांगा, मी लिहितो. दोन्ही जुळलं की सरांकडे." चेहऱ्यावर असं हसू की लग्न ठरलेल्या पोराचंच. "साइज?"

"कावळ्यापेक्षा मोठी."

"चोच?"

"लांब. गडद रंगाची."

"पोट?"

"पांढरं."

"कपाळ?"

"लालभडक," मी म्हटलं. "चोचीपासून पार मानेपर्यंत. आणि गालावर लाल पट्टा."

त्यांचं पेन थांबलं. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून चुकलं असेल असं वाटून त्यांनी विचारलं, "कपाळ काळं का लाल?" मी परत, नीट ओठ हलवून, सांगितलं. "लाल." त्यांनी मान हलवली. चहा आला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला. मग वहीचं मागचं पान काढलं, त्यावर एक आडवी रेघ मारली, आणि वही मिटायच्या आत मी ते उलट्या बाजूने वाचलं. उलटं वाचणं ही शिक्षकाची विद्या. 'कपाळ काळं. लाल फक्त मागे. मादी.' त्यावर रेघ.

"चला बाई," ते म्हणाले, "गाडी येईल."

घरी येऊन मी ते पुस्तक उघडलं. मी पाठ केलेल्या चित्राच्या खाली, पानाच्या अगदी कडेला, दुसरं छोटं चित्र होतं. मादी. कपाळ काळं, लाल फक्त मागे. जिथे काकांची बोटं फिरून फिरून काळं झालं होतं, नेमकं तिथे. मी ते घाण समजून नीट बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहावीचा विज्ञानाचा पेपर होता आणि मी सुपरव्हिजनला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मान लांब करून पुढच्या पेपरात बघत होती. मी जाऊन तिच्या बाकावर टकटक केलं. तिने वर बघितलं, डोळे भरलेले. "बाई, मला येत होतं. फक्त खात्री करत होते." एरवी मी तिला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी म्हटलं, "जे येतंय तेच लिही," आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. तिला सांगायचा मला काय अधिकार, हेच डोक्यात फिरत राहिलं.

काकांना मी काही बोलले नाही. त्यांनीही विषय काढला नाही. पुढच्या रविवारी ते आले, भाकरी आणली, नदी ओलांडली, पण वही आणली नाही. नंतर पावसाळा आला, मग त्यांचे गुडघे गेले, आणि त्या रानातलं आमचं जाणं संपलं. मी मनात पक्कं धरलं की ती रेघ माझ्यासाठी होती. माझ्या खोट्यावर मारलेली रेघ, आणि शिक्षा म्हणून त्यांनी आपली नोंदही सोडून दिली. दिवाळीला फराळ घेऊन त्यांच्याकडे जायचे. ते प्रेमाने वागायचे, आणि प्रत्येक वेळी जिना उतरताना मला वाटायचं, आज सांगायला हवं होतं. माणसाला चोरी कबूल करणं एक वेळ सोपं, पण कोणाच्या भल्यासाठी म्हणून बोललेलं खोटं कबूल करायला जीभ उचलत नाही.

काका आता टिटवाळ्याला असतात. मुलाने नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. घेतला तेव्हा खिडकीतून डोंगर दिसायचा. आता समोरची बिल्डिंग दिसते आणि तिच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे दिसतात. रान अजून आहे, पण आधी होतं तेवढं नाही. रिक्षा आता नदीच्या काठापर्यंत जाते, कारण तिथवर प्लॉट पडलेत. तो बेहडा केव्हाच पडला.

मी मात्र दर फाल्गुनात एक रविवार तिथे जाते. दुर्बीण नेत नाही. तिचा आणि माझा काडीमोड झाला. ओळखीचा रिक्षावाला काठावर थांबतो, मी पलीकडे जाऊन दोन तास बसून येते. बसते आणि ऐकते. लोक विचारतात काय मिळतं, तर काही नाही. पापडांचा आवाज, सावरीची फुलं, आणि शेजारी कोणीतरी बसलंय अशी सवय.

गेल्या रविवारी एका अर्ध्या वाळलेल्या सावरीखाली बसले होते. डब्यातलं थालीपीठ हातात. डोक्यावर काहीतरी पडलं. वाटलं फूल. परत पडलं, या वेळी मांडीवर. लाकडाचा ढलपा. बोटाएवढा लांब, ताजा, आतून पिवळट. टक्, टक्, असा सावकाश आवाज येत होता आणि तो मी इतका वेळ काठावरच्या मुलांच्या क्रिकेटचा समजत होते. मी मान वर केली.

ती माझ्या डोक्यावर पंधरा हातांवर होती. दुर्बीण नको, काही नको. काळीभोर. पोटाचा पांढरा पट्टा खोडाला टेकलेला. ती मान मागे नेऊन घाव घालत होती, थांबून आत बघत होती, परत घाव. मग तिने मान तिरकी करून खाली माझ्याकडे बघितलं, डोळा फिकट, आणि चोचीच्या वर कपाळ होतं. मी चष्मा घट्ट धरला. काळं. स्वच्छ काळं. तुरा मागे, तेवढाच लाल. मी एवढी रडले की ती केव्हा उडाली ते कळलं नाही. फोन पर्समध्ये होता. फोटो काढायचा असतो हे रिक्षात बसल्यावर आठवलं.

तशीच काकांकडे गेले. केसांत काटक्या, साडीला कुसळं. काकूंनी दार उघडलं, "अगं बाई, पडलात की काय कुठं?" काका खिडकीपाशी खुर्चीत होते. सत्याहत्तर वर्षांचे, टोपी अजून तीच. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं, माझे ओठ दिसतील असं बसले, आणि तो ढलपा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला त्याच्या कडेवरून, कसबी माणूस धार बघतो तसा. मग माझ्याकडे बघितलं. आणि अकरा वर्षांपूर्वीच्याच आवाजात:

"साइज?"

"कावळ्याहून मोठी."

"चोच?"

"लांब. करडी."

"पोट?"

"पांढरं. पट्ट्यासारखं."

इथे ते थांबले. "कपाळ?"

"काळं," मी म्हटलं. "काका, काळं. लाल फक्त मागे."

त्यांनी डोळे मिटले. आणि मला आतापर्यंत न आलेलं धैर्य तेव्हा आलं. ते डोळे उघडेपर्यंत मी थांबले, मग सांगितलं, "त्या दिवशी मी बघितलं नव्हतं. खोटं बोलले. पुस्तकातलं सांगितलं तुम्हाला. तुमची नोंद माझ्यामुळे गेली."

काकांनी हात झटकला, माशी उडवावी तसा. "तुमचं खोटं होतं ते मला तेव्हाच कळलेलं, बाई. तुमच्यामुळं नाय खोडलं मी." त्यांनी ढलपा तळहातावर उलटा केला. "मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाई न बघता चित्रातलं इतकं बरोबर सांगतात. मग मी पण तेच करत असेन. इतकी वर्षं त्या चित्रावर बोट फिरवून फिरवून. तुमचं खोटं होतं ते कळलेलं. माझं खरं होतं का, तेवढंच कळत नव्हतं."

अकरा वर्षं मी समजत होते की मी एक नोंद घालवली. मी या माणसाचे डोळे घालवले होते. ज्या डोळ्यांवर आमचा दोघांचा मिळून एक माणूस चालला होता, तेच.

"आणि तुम्ही ऐकलेलं?" त्यांनी विचारलं. "त्या दिवशी ठोकलेलं ऐकलेलं ना? का ते पण?"

"ते खरं होतं, काका. देवाशपथ."

"देव राहू द्या," ते म्हणाले, "तुम्ही म्हणताय ना." आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. बहिऱ्या माणसाची हाक ती. डक्टमधून वर गेली, समोरच्या बिल्डिंगमध्ये दोरीवरचे कपडे काढणारी एक बाई थांबून बघायला लागली.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय झालं? एवढं ओरडायला काय झालं?"

काकांनी तो ढलपा उंच धरला.

"अगं, कावळा नव्हता!"